काचेवरचा अंश

ज्या महाविद्यालयात त्यांनी उभी हयात उष्माशास्त्र शिकवले, त्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्यांच्यावर श्रद्धांजलीच्या चार ओळी छापून आल्या. त्यांत ते 'काहीसे विक्षिप्त, परंतु प्रेमळ' होते, असे म्हटले आहे. या मजकुरास मी संपादकांकडे लेखी आक्षेप नोंदवला. 'काहीसे' म्हणजे किती आणि कोणाच्या मानाने, एवढेच मी विचारले होते. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले, त्याचेही उत्तर आले नाही. सबब, जे सांगायचे ते मी येथे माझ्या जबाबदारीवर सांगतो.

'किती' आणि 'कोणाच्या मानाने' हे दोन्ही प्रश्न वस्तुतः माझे नव्हेत, त्यांचेच आहेत. ते माझे घरमालक होते. सगळे त्यांना सर म्हणत. मीही तेच म्हणतो.

एका सहकारी संस्थेच्या विधी विभागातून निवृत्त झाल्यावर मी राजारामपुरीत त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली ते एकटे राहत. पत्नी वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली होती. करारनाम्याचा मसुदा अर्थातच मी केला. नोकरीच्या सबंध काळात माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवण्याचे धाडस कोणी केले नव्हते. हा मसुदा दुसऱ्या दिवशी जिन्यातून वर आला तो लाल शाईने माखून. पाचव्या कलमात मी लिहिले होते, 'घरमालक भाडेकरूस दररोज सकाळी पुरेसे गरम पाणी उपलब्ध करून देतील.' 'पुरेसे' या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते. समासात शेरा होता: 'किती? कोठून कोठपर्यंत? एकक लिहा.' आणि तळाशी, जे आठवले की आजही माझ्या कपाळाची शीर उडते, ते होते: 'दहापैकी चार.'

मी दोन पानी उत्तर लिहिले. 'पुरेसे', 'वाजवी', 'योग्य त्या मुदतीत' अशा शब्दांवर या देशातला निम्मा कायदा उभा आहे, हे मी त्यांना साधार दाखवून दिले. संध्याकाळी त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर आले: 'म्हणूनच निकाल लागत नाहीत.'

मी पुन्हा लिहिले. त्यांनी पुन्हा तपासले. अखेर माझ्या पत्नीचा धीर सुटला.

"अहो, माणूस खाली राहतोय. जिना उतरून बोला की जाऊन! घरातल्या घरात टपाल कसलं चालवलंय?"

मी उतरलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. परंतु कलम पाच बदलले. 'एक मोठी बादली पाणी, नळाच्या तापमानापासून पंचेचाळीस अंश सेल्सिअसपर्यंत' असे त्याचे अंतिम रूप झाले. माझ्या हातून जेवढे करार लिहून झाले, त्यांत ज्या कलमावर कधीही वाद संभवला नाही असे ते एकमेव कलम, हे मला नमूद केले पाहिजे.

एककाशिवाय आकडा त्यांच्या कानात शिरतच नसे. डॉक्टर म्हणाले, "सर, ताप एकशे दोन आहे." सरांनी उठून बसत विचारले, "एकशे दोन काय?" डॉक्टर म्हणाले, "फॅरनहाइट." सर समाधानाने आडवे झाले. "मग ठीक. सेल्सिअस असता तर मी आत्तापर्यंत उकळलो असतो."

त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत, असे मी ऐकले आहे, गुरुजींनी पत्रिका पाहून आनंदाने सांगितले की छत्तीसपैकी अठ्ठावीस जुळतात.

"अठ्ठावीस काय?" सरांनी विचारले.

"गुण."

"ते कळलं. गुणाचं एकक काय? आणि नाडीचा गुण आणि स्वभावाचा गुण एका एककात असल्याशिवाय त्यांची बेरीज केलीत कशी?"

बैठक गार पडली. वरपक्षाकडचे लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला नवरामुलगा, जो व्यवसायाने यांत्रिकी अभियंता होता, मोठ्याने हसला आणि म्हणाला की मला हेच सासरे पाहिजेत. मुलीला विचारण्याची पाळी त्यानंतर आली. तिने मात्र त्याला आधीच होकार दिला होता, असे पुढे उघडकीस आले.

मला त्यांनी शिकवले ते जिन्यात. तोवर आमचा पत्रव्यवहार मवाळ झाला होता आणि मी अधूनमधून चार पायऱ्या उतरून बोलत असे. त्यांच्या विषयाचा गाभा एका शब्दात होता: विशिष्ट उष्माधारकता. एक किलो वस्तू एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, तो आकडा. "यात तीन साक्षीदार आहेत, साहेब," ते म्हणत. "उष्णता, वजन आणि अंश. एककं बदलताना तिघांचीही जबानी पुन्हा घ्यावी लागते. पहिले दोघं सगळ्यांच्या लक्षात राहतात. तिसऱ्याला विसरतात." हे मला पटले. तीन घटकांपैकी एक सिद्ध झाला नाही म्हणून कोसळलेले खटले मी पाहिले आहेत.

"पण एक अंश म्हणजे एक अंश," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी मला जिन्यावर उभे केले. "एक पायरी चढा. किती दमलात?"

"थोडा."

"थोडा हे एकक नाही. असू द्या. आता एका ढांगेत दोन पायऱ्या चढा."

माझे गुडघे पाहता ही आज्ञा बेकायदेशीर होती. तरी मी चढलो आणि कठड्याला धरून धापा टाकू लागलो. माझी पत्नी वरून बघत होती आणि तिने पदराने तोंड झाकले होते.

"फॅरनहाइटचा अंश म्हणजे ती एक पायरी," सर खालून सांगत होते, "आणि सेल्सिअसचा म्हणजे ही ढांग. जवळजवळ दुप्पट. लहान पायरीला लागलेला दम लिहून ठेवायचा आणि मोठ्या ढांगेला तेवढाच लागेल म्हणायचं, हे चालेल का?"

माझ्याने बोलवत नव्हते. मी मान हलवून नकार दिला. तो त्यांनी ग्राह्य धरला.

पाण्याबद्दल बोलताना मात्र हा रुक्ष माणूस हळवा होई. जुन्या कॅलरीच्या पद्धतीत पाण्याचा आकडा एक, इंग्रजांच्या पद्धतीतही एक. दोघांनीही पाण्यालाच माप मानले म्हणून. "दोन वैऱ्यांनी एकच पंच निवडावा तसं आहे हे," ते म्हणत. नव्या पद्धतीत तो आकडा चार पूर्णांक एकोणीस होतो, याचे त्यांना थोडे दुःख होते. परंतु ते नियम पाळणारे गृहस्थ होते. ते चार पूर्णांक एकोणीसच लिहीत.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

गडमुडशिंगीच्या पुढे एका खेड्यात सरांच्या थोरल्या भावाचे घर होते. भाऊ गेले; वहिनी तेथील महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा होत्या. एका मार्च महिन्यात त्या दुपारच्या उन्हात आल्या, आणि हातातली दुधाची रिकामी किटली त्यांनी सरांच्या टेबलावर आदळली. मी योगायोगाने जिन्यातच होतो.

"भावजी, बघा ह्या किटलीत! तोंड दिसतंय का न्हाय तुमचं?"

सरांनी वाकून पाहिले. "दिसतंय."

"आन् ह्यांनी लिवलंय आमच्या किटल्या घाण असत्यात म्हणून! आमी दूध नासवतोय म्हणून!"

त्यांच्याबरोबर दोन कागद होते. पहिला, ज्या संघाला संस्था दूध घाले त्या संघाची नोटीस: संस्थेचे दूध वारंवार आंबट निघत असल्याने मान्यता रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. दुसरा, गावातली दूध थंड करायची टाकी ज्या कंपनीने बसवली होती तिचा अहवाल: यंत्रणा निर्दोष असून सदर प्रकार महिलांच्या अस्वच्छ हाताळणीमुळे घडत आहे.

"मान्यता गेली तर काय होईल?" मी विचारले.

"काय हुतंय? परत त्या खाजगीवाल्याच्या दारात किटली घिऊन हुबं ऱ्हायाचं. त्यो म्हणंल ती फॅट आन् त्यो दील त्यो भाव. त्यास्नी सोडून आमी बायकांनी ही संस्था काढली हुती, वकीलसाहेब. आता गावात समदी म्हणत्यात, बायकांच्यानं धुणं झालं न्हाय, संस्था कुठली हुतीया."

मी वकील नाही, विधी अधिकारी होतो, हे मी त्यांना पुढे अनेकदा सांगितले. त्या वेळी सांगितले नाही, कारण तोवर मी अहवाल ओढून घेतला होता. तपासणी केव्हा झाली, कोणासमक्ष झाली, किटल्यांचे नमुने कोणी घेतले, यांचा अहवालात उल्लेख नव्हता. आरोपी म्हणतो मी निर्दोष आहे, आणि तोच शेजाऱ्याला दोषी ठरवतो, हा कोणता न्याय? मी तेथेच खुलाशाचा मसुदा सुरू केला. "सर, तुम्ही तज्ज्ञ म्हणून खाली सही करा."

"आधी मोजू," सर म्हणाले.

"मुदत थोडी आहे!"

"थोडी हे..." त्यांनी वहिनींकडे पाहिले आणि वाक्य अर्धवट सोडले. ही त्या प्रकरणातली पहिली असाधारण घटना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांच्या स्कूटरवर आम्ही गेलो. सकाळचे दूध येत होते. टाकीजवळ खुर्ची टाकून, गळ्यात दोरीने थर्मामीटर अडकवून सर बसले, आणि दर थोड्या वेळाने झाकण उचलून दुधात तो बुडवू लागले. बायकांना करमणूक झाली.

"सर, दूध हाय ते. पोरगं न्हवं ताप बघाय."

"ताप उतरत नाहीये, बाई," सर गंभीरपणे म्हणाले.

"मग अंगारा लावा की!"

टँकर येईपर्यंत दूध जेथे पोहोचायला हवे होते त्याच्या साधारण अर्ध्या वाटेवर होते. थंडीच्या दिवसांत ही उणीव झाकली गेली असावी. उन्हे तापली आणि दूध आंबू लागले. सरांनी टाकीच्या यंत्रावर हात ठेवला, गुरावर ठेवावा तसा. "ही प्रामाणिक आहे, साहेब. बिघडलेली नाही. सांगितलंय तेवढं करते आहे. सांगणारा चुकलाय."

कंपनीने यंत्राची क्षमता कोणत्या हिशेबावर ठरवली तो तपशील मिळवणे माझ्याकडे आले. त्यासाठी मी जे पत्र लिहिले त्याबद्दल मला आजही समाधान आहे. त्यात सहा कलमांचा आधार होता आणि विशेषण एकही नव्हते. माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी सर्व कागद लगोलग पाठवले.

सर ते कागद वाचत असताना मी समोर होतो. एका ओळीशी ते थांबले. दुधाची विशिष्ट उष्माधारकता: दोन पूर्णांक सोळा. पुढे एकक अगदी शुद्ध, नव्या पद्धतीचे, काटेकोर. त्यांचा चेहरा जवळच्या नातेवाइकाच्या अपघाताची बातमी ऐकावी तसा झाला.

"अमेरिकी तक्त्यातून आकडा घेतला," ते हळू म्हणाले. "उष्णतेचं एकक बदललं. वजनाचं बदललं. अंश तसाच फॅरनहाइटचा ठेवला."

"म्हणजे लहान पायरीचा दम मोठ्या ढांगेला लावला?" मी विचारले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "दहापैकी नऊ," ते म्हणाले. एक गुण कशासाठी कापला हे मी विचारले नाही; 'दम' हे एकक नव्हे, हे एव्हाना मलाही कळत होते. त्या चुकीमुळे दूध थंड करण्याचे काम कागदावर निम्म्याच्या आसपास आले, आणि यंत्रही त्याच बेताचे आले. शिक्षा मात्र किटल्यांना.

संघाच्या कार्यालयात सुनावणी ठरली. आदल्या दिवशी मी सरांना समोर बसवून बजावले की सुनावणीत संघाच्या अध्यक्षांचे शब्द दुरुस्त करायचे नाहीत.

"चुकले तरी?"

"विशेषतः चुकले तर."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आकड्यावरनं तिथं कुणाला धरलासा तर माझी शपथ हाय तुमास्नी."

सुनावणी घेणारे अध्यक्ष दुधातुपावर वाढलेले धिप्पाड गृहस्थ होते आणि त्यांना दुसऱ्या बैठकीला जायचे होते. फाइल उघडून ते घाईने म्हणाले, "बोला. टाकी पाचशेची. दूध पायजे चारवर. ते घावतंय अठरावर. एवढंच हाय न्हवं?"

तीन आकडे. तिन्ही उघडेबोडके. मी सरांकडे पाहिले. त्यांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तेथेच त्याची मूठ वळली. मानेच्या शिरा फुगल्या. वहिनी त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या.

"एवढंच आहे," सर म्हणाले.

आयुष्यात माणसांना घरेदारे सोडून देण्याच्या कागदांवर सह्या करताना मी पाहिले आहे. त्यांपैकी कोणाचाही चेहरा इतका उतरला नव्हता.

कंपनीचा तरुण अभियंता लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने सांगितले की सर्व हिशेब सॉफ्टवेअरने केला असून त्यात चूक संभवत नाही. स्वच्छतेचाच प्रश्न आहे. मी उसळून उठलो. सरांनी माझ्या सदऱ्याचे टोक धरून मला खाली बसवले आणि वर्गात विचारावे तसे त्या मुलाला विचारले, "पाण्याची विशिष्ट उष्माधारकता किती?"

मुलाने तत्काळ, एककासह, चार पूर्णांक एकोणीस सांगितली. सरांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

"छान. आणि दुधात पाणी किती असतं?"

"सत्त्याऐंशी टक्के, सर."

"कवा कवा जास्त बी असतंय," अध्यक्ष म्हणाले, आणि बायकांसकट सगळे हसले.

"तुमच्या हिशेबात दुधाचा आकडा पाण्याच्या जेमतेम निम्मा आहे," सर म्हणाले. "सत्त्याऐंशी टक्के तर पाणीच आहे. मग उरलेल्या तेरा टक्क्यांनी निम्मी उष्णता खाल्ली का?"

मुलगा लॅपटॉपच्या पडद्यावर तो आकडा शोधू लागला.

"म्हंजे काय म्हंतासा, सर?" अध्यक्षांनी फाइल मिटली.

"यांच्या म्हणण्याप्रमाणे चुलीवर पाणी आणि दूध शेजारीशेजारी ठेवलं, तर दूध निम्म्या वेळात तापायला पाहिजे."

अध्यक्षांनी छताकडे पाहिले. बहुधा स्वतःच्या घरातली चूल आठवत असावेत. मग ते त्या मुलाकडे वळले. "ओ पावणं, असं काय तापत न्हाय की! मशीन निम्मं दिलंयसा का काय?"

मुलाने दोनचार बटणे दाबली. त्याचे कान लाल झाले. मग तो आपोआप उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अंश राहिला."

मी या क्षणाची वाट पाहत होतो. माझ्या खिशात नुकसानभरपाईचे, दंडाचे आणि जाहीर माफीचे तीन मसुदे तयार होते. परंतु सर म्हणाले, "राहतो. तो सगळ्यांचाच राहतो. म्हणून आकडा आला की आधी पाण्याशेजारी ठेवून बघायचा. बस." आणि तो खरोखरच बसला.

एवढ्यावर सर समाधानी होते. यंत्र बदलले की झाले, असे त्यांचे मत होते. मी मात्र उठलो आणि कडाडलो की यंत्र बदलून किटल्यांवरचा डाग जात नाही. अस्वच्छतेचा आरोप लेखी, बिनशर्त आणि त्याच कागदावर मागे घेतला पाहिजे. "लेखीच पायजे," वहिनी म्हणाल्या. मागच्या बाकावरच्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "लेखीच!" अध्यक्षांची दुसरी बैठक बुडाली.

कार्यालयाच्या फाटकाबाहेर पाऊल पडताच सर रस्त्याच्या कडेला थांबले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "पाचशे लिटर. चार अंश सेल्सिअस. अठरा अंश सेल्सिअस." मग खोल श्वास घेऊन त्यांनी स्कूटरला किक मारली.

आदेश आला तो मी पत्रासोबत खाली पाठवला नाही. स्वतः जिना उतरून, शेवटच्या पायरीपर्यंत, घेऊन गेलो. वहिनी तेथेच होत्या. मी उभ्याने वाचला: महिलांवरील अस्वच्छतेचा आरोप निराधार असल्याने मागे घेण्यात येत आहे, संस्थेची मान्यता कायम राहील, कंपनीने स्वखर्चाने नवी यंत्रणा बसवावी आणि तीमध्ये दूध चारपर्यंत थंड होणे बंधनकारक राहील.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. सरांनी आदेश हातात घेतला, वाचला, आणि शेवटच्या ओळीशी येऊन लाल पेनाचे टोपण काढले.

"भावजी!" वहिनी कडाडल्या. "त्या कागदाला पेन लावायचा न्हाय. फ्रेम करून टाकीवर लावणार हाय मी त्यो."

"कागदाला?" सरांनी विचारले.

"व्हय, कागदाला!"

त्यांनी टोपण लावले. तो प्रश्न त्यांनी का विचारला, हे विधी विभागात आयुष्य घालवलेल्या माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

ते लक्षात आले काही महिन्यांनी. नवे यंत्र उत्तम चालले होते, टाकीवर आदेशाची तसबीर लागली होती, आणि चहासाठी आम्हांला बोलावले होते. तसबिरीपाशी वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आदेशाच्या शेवटच्या ओळीत, 'चार' या शब्दाच्या अगदी शेजारी, तांबडी बारीक अक्षरे दिसत होती: 'अंश सेल्सिअस'. ती कागदावर नव्हती. काचेवर होती. सर कोणाच्याही लक्षात न येता आदल्या आठवड्यात येऊन गेले होते.

"वकीलसाहेब, सांगा ह्यास्नी काय तरी! शब्द दिला हुता मला."

मी तसबीर सर्व बाजूंनी तपासली आणि माझे मत दिले. मनाई कागदापुरती होती. काच ही कागदाहून भिन्न वस्तू आहे. मनाईचा भंग झालेला नाही.

वहिनी माझ्याकडे आणि सरांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. सर चहाच्या कपात पाहत होते. "दोगंबी एका माळंचं मणी," त्या अखेर म्हणाल्या, आणि आम्हांला आणखी अर्धा अर्धा कप चहा मिळाला. 'अर्धा' हे एकक नव्हे, असे त्या दिवशी कोणी म्हणाले नाही.

सरांना जाऊन आता काही काळ झाला. मी अजून वरच्या मजल्यावर राहतो. घर मुलीच्या नावावर झाले तेव्हा नवा करार मी लिहिला आणि पाचवे कलम जसेच्या तसे ठेवले. गेल्या महिन्यात त्या गावी गेलो होतो. सकाळचे दूध घेऊन झाले होते आणि वहिनी ओल्या फडक्याने टाकी, झाकण, भिंत आणि मग ती तसबीर पुसत होत्या. स्वच्छतेबाबत त्या आता कोणालाही बोट दाखवायला जागा ठेवत नाहीत. फडके चौकटीवरून फिरले, काचेवरून खाली आले आणि त्या तांबड्या अक्षरांपाशी पोहोचताच थांबले. मग त्यांना न शिवता वळसा घालून पुढे गेले.